पेडल वर आलंच नाही

ही हकीकत मी लग्नाकार्यात, गच्चीवर, नातेवाइकांच्या घोळक्यात कितीदा तरी सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी लोक हसले आहेत. पण खरी हकीकत सांगायचं मात्र टाळत आलो. आता ज्या व्यक्तीला ती सांगायला हवी होती तीच उरली नाही, म्हणून लिहून ठेवतो.

आमच्याकडं तेव्हा एक जुनी, कार्बोरेटरवाली गाडी होती. मी कचेरीत स्कूटरनं जायचो. गाडी निघायची ती रविवारी दुपारी, धुऊन-पुसून एक चक्कर मारण्यापुरती. बायको चितेगावच्या शाळेत शिक्षिका होती. पैठण रोडच्या बसला लोंबकळून ती वैतागली होती. त्या दिवाळीत तिनं स्वतःहून गाडी शिकायचा क्लास लावला, लायसन काढलं आणि मला बजावलं, "तुमची स्कूटर तुम्हाला लखलाभ. गाडी मी शाळेत नेणार. आणि मे महिन्यात फर्दापूरलाही मीच नेणार, तुम्ही डावीकडं बसायचं."

फर्दापूर तिचं माहेर. मी म्हणालो, "अजिंठ्याचा घाट आला की मी डोळे मिटून घेईन."

"मिटा की. एरवी तरी कुठं जागे असता!"

थंडी पडू लागली तसं अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल अडकायला लागलं. पाय काढला तरी ते सावकाश वर यायचं, तोवर इंजिन उगाच ओरडत राहायचं. ती म्हणाली, मेकॅनिकला दाखवा. मला गाडीतलं थोडंफार कळायचं, आणि कळायचं त्यापेक्षा जास्त कळतं असं वाटायचं. एका रविवारी बॉनेट उघडून बसलो. पेडलखालची चटई काढून पाहिली, तिचा काही दोष नव्हता. स्प्रिंग धड होती. कार्बोरेटरची पट्टी हातानं फिरवली, ती मोकळी होती. मग पेडलपासून कार्बोरेटरला जाणारी केबल सोडवून ओढून पाहिली, तेव्हा आतली तार नळीत घासत असल्याचं बोटांना कळलं. नळीत तेल सोडायला हवं होतं. घरातला गाडीच्या तेलाचा डबा कोरडा पडलेला आणि मला काम तिथंच सोडून उठायचं नव्हतं. पायरीवर तिची खोबरेल तेलाची बाटली ठेवलेली होती. त्या दिवशी तिला न्हायचं होतं, म्हणून उन्हात ठेवलेली. तेल पातळ, स्वच्छ, पाण्यासारखं झालं होतं. मी ते हळूहळू केबलच्या नळीत सोडलं. पेडल लगेच वर-खाली नाचायला लागलं.

"काय टाकलंत?" तिनं दारातून विचारलं.

"तेल."

"गाडीचं ना?"

"मग काय तुझं?" मी म्हणालो, आणि निम्मी झालेली बाटली मांडीआड सरकवली.

पुढच्या आठवड्यात थंडीची लाट आली. नळाचं पाणी हाताला झोंबत होतं. अशाच एका सकाळी ती पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन शाळेला निघाली. नवी साडी, वर माझा स्वेटर. मी फाटकाशी उभा होतो. गाडी सुरू झाली, गल्लीत वळली, आणि इंजिन एकदम किंचाळलं. तिनं ब्रेक दाबला तरी गाडी धक्के खात पुढं गेली, दूधवाल्याच्या उभ्या सायकलवर चढली आणि समोरच्या भिंतीला धडकली. तशातही किल्ली फिरवून इंजिन तिनंच बंद केलं. माझ्या गोष्टीत हे कधीच आलं नाही.

गल्लीभर दूध. तिच्या कपाळातून रक्त. दूधवाला ओरडत होता, "ताई, गाडी हाय का उधळलेला हल्या? मी बाजूला झालो म्हणून वाचलो!"

"पाय काढला होता मी," ती मला सांगत होती. "पेडल वर आलंच नाही."

दवाखान्यात टाके घालून आणेपर्यंत उन्हं डोक्यावर आली होती. गाडी उन्हात तापलेली. शेजारी जमले होते. मी त्यांच्यासमोर आत बसून पेडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. ते झकास वर येत होतं.

"घ्या," मी म्हणालो. "घाबरून ब्रेक समजून हेच दाबलं असणार."

शेजारचे काका हसून म्हणाले, "वहिनी, बसच बरी तुमची."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "असेल. माझंच चुकलं असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना न्हाणीघराच्या फळीवर तिची बाटली दिसली. तेल पांढरं, घट्ट, मेणासारखं. हिवाळ्यात खोबरेल गोठतं हे आमच्या घरातल्या लेकरालाही ठाऊक होतं. मी तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर गेलो. पेडल दाबलं. ते खालीच राहिलं. स्वयंपाकघरातून किटलीभर गरम पाणी आणून केबलवर ओतलं, तेव्हा ते गुपचूप वर आलं.

ती आत कपाळाला पट्टी बांधून भाकरी थापत होती. मला फक्त आत जाऊन बोलायचं होतं. मी रिकामी किटली जागेवर ठेवली. केबल बदलली तीही ती शाळेत असताना. काल सगळ्यांसमोर जे बोललो होतो ते परत घ्यायला जीभ उचलली नाही. उद्या सांगू म्हटलं. मग ती गोष्ट गमतीची झाली आणि ती गंमत मीच रंगवू लागलो. लेक मोठी झाली, स्वतः गाडी चालवू लागली, तीही म्हणायची, "आईच्या हाती किल्ली देऊ नका हं, दूधवाल्यांचं नुकसान होतं." बायको हसायची. निवृत्तीपर्यंत बसनं चितेगावला गेली. फर्दापूरला जाताना डावीकडं बसायची आणि घाट आला की दाराची मूठ धरून ठेवायची.

गेल्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली. डोक्याला तेल लावायचं काम माझ्याकडं आलं. एका सकाळी गोठलेली बाटली हातात धरून मी गॅलरीत उन्हात उभा राहिलो. तेल कडेनं सुटायला लागलं, मधला पांढरा गोळा हलायला लागला. आत येऊन तिच्या विरळ केसांत बोटं फिरवताना म्हणालो, "अगं, ती आपली गाडी... तो दूधवाला आठवतो?"

तिनं डोळे मिटले.

"नका हो," ती म्हणाली. "आता तरी नका सांगू ती गोष्ट."

 तेल कानामागून ओघळलं, ते मी तिच्याच पदरानं टिपून घेतलं. त्यानंतर ती काही दिवसच होती. तेव्हा जे सांगायला तोंड उघडलं होतं ते एवढंच होतं: पाय तू काढला होतास. तेल मी टाकलं होतं. मला माफ कर.