शेपटी गेल्यावर

"शूऽऽ! शेपटी जाऊ दे." ओठांवर बोट ठेवून शेजारचे काका हेच बोलायचे. रेल्वेगाडी गेली की तुम्ही-आम्ही मोबाईलवरचं शूटिंग बंद करतो. काका नाय. शेवटचा डबा जाऊ दे, धडधड विरू दे, परत कावळे ओरडू दे, मग बटण.

कंपनीतनं रिटायर झाले आणि नागोठण्याच्या अलीकडं, आमच्या शेताच्या बांधावर स्टँड लावून रेल्वेचे व्हिडिओ काढायला लागले. ऊन पाठीवर, रूळ लांब, माइकला काकूंच्या जुन्या स्वेटरचा तुकडा गुंडाळलेला, वारा घुसू नये म्हणून. स्वतःला एका कानानं कमी ऐकू यायचं, पण आवाजाचा हट्ट केवढा!

काकू बोलायच्या, "पोराच्या लग्नाच्या व्हिडिओत मी अर्धीच हाय. मागनं गेलेली मालगाडी मात्र पुरी!"

"अगं, तू घरात दिसतेसच की."

माझी आर्वी दोन वर्षांची होऊन गेली तरी बोलत नव्हती. आई नाय, पाणी नाय, काय नाय. पेणच्या डॉक्टरांनी कान तपासले, कान चांगले हायत म्हणाले, वाट बघा म्हणाले. कशी बघू वाट? मी आठवीत शाळा सोडलेली, मला काय कळतंय, भाकरी थापता थापता दम लागायचा. सासूबाई एकदा बोलल्या, "मुकी निघाली तर गो?" तेव्हापासनं तर जास्तच.

काका मात्र हाक मारायचे, "आण गो तिला. शूटिंगला अशीच न बोलणारी शहाणी माणसं लागतात." मला ते टोचायचं. पण पोर तिथं हसायची, म्हणून न्यायची. ओढणीचं एक टोक तिच्या कमरेला, दुसरं माझ्या मनगटाला. रुळांची भीती वाटायची ना.

त्या दिवशी मालगाडी आली, लांबच लांब. आर्वी स्टँडला चिकटून. मी मागं, डोळे मिटून, कानांवर हात दाबून. गाडी गेली तरी माझे हात तसेच.

दुसऱ्या दिवशी काका एडिटिंगला बसले. सुरुवातीचं थांबणं कापायचे, लोकांची बडबड कापायचे, शेपटी कधीच नाय. कुंपणावरनं ओरडले, "सूनबाई! हातातलं टाक आणि ये!" पिठाच्या हातांनी धावले. त्यांनी इयरफोन माझ्या कानांत घातले.

गाडी आली. गेली. शेवटचा डबा गेला. वारा. कावळा. मग अगदी माइकजवळ, बारीक:

"गेयी."

मी परत लावायला सांगितलं, परत ऐकलं.

"गेली म्हणते गो ती," काका बोलले. "हे मी कापणार नाय."

आता आर्वीचं तोंड मिटत नाय, शाळेतनं तक्रार येते. काका मागच्या दिवाळीआधी गेले, अचानक. स्टँड काकूंच्या दाराआड उभा हाय, अजून स्वेटरासकट.

त्यांच्या व्हिडिओत त्यांचा आवाज कुठंच सापडायचा नाय. शेपटी जाईपर्यंत श्वास धरून राहायचे, आणि मग सोडलेला श्वास पण कापून टाकायचे. ह्या मालगाडीच्या व्हिडिओत तेवढा राहिला. तिच्या बोलण्याला अगदी लागून होता, कापला असता तर तिचं बोलणं तुटलं असतं.

आर्वी तो बघायला बसली की माझ्या ओठांवर बोट ठेवते. आम्ही दोघी शेपटी जाऊ देतो. कावळा ओरडतो. ती म्हणते, "गेयी."

मग काका श्वास सोडतात.