नानांच्या पोटातली गाठ

"झाकन कोनी उघाडं? हात नका लावा रे!"

म्हातारा पारावर उभा राहून असा ओरडत होता, की पारोळ्याच्या किल्ल्यातली कबुतरंसुद्धा उडाली असतील, आणि किल्ला तिथून चांगला दोन कोसांवर. मी एस.टी.तून उतरलो तो थेट त्या आवाजाच्या दिशेनं पळत सुटलो. कारण म्हाताऱ्याच्या हातात जी काचेची बरणी होती, ती माझी होती. बरणीतला ऐवज मात्र त्याचा. त्याच्याच पोटातला.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी धुळ्याच्या कॉलेजात कृमींवर संशोधन करत होतो. कुत्र्याच्या आतड्यात तांदळाच्या कणीएवढा एक पट्टकृमी राहतो. त्याची अंडी मेंढीच्या, म्हशीच्या नाहीतर माणसाच्या पोटात गेली, की आत पाण्यानं भरलेली गाठ वाढते. माणसातली गाठ मेंढीकडच्या कृमीच्या कुळातली की म्हशीकडच्या, हे त्यांच्या डीएनएवरून ठरवायचं होतं. जनावरांच्या गाठी मी धुळे-जळगावच्या कत्तलखान्यांतून इतक्या गोळा केल्या होत्या, की खाटीक मला जावयासारखा चहा पाजत. माणसाची गाठ मात्र एकच मिळाली, या मेंढपाळ नानांची. ती गेली की प्रबंध गेला.

फॉर्मेलिनमध्ये डीएनएची नासाडी होते, म्हणून सर्जनकडं मी स्पिरिटची बरणी आधीच देऊन ठेवली होती. त्यांनी रिवाजाप्रमाणं गाठ काढली, नातेवाइकांना दाखवली आणि बरणी नानांच्या मुलाच्या हातात देऊन सांगितलं, "कॉलेजात नेऊन दे." मुलानं ती बापाच्या खाटेखाली ठेवली आणि सुट्टी मिळताच बापाबरोबर गावी नेली. ऑपरेशन खरंच झालं, हे गावाला दाखवायला नको का? मी इकडं पंधरा दिवस दाराकडं बघत बसलो होतो. शेवटी दवाखान्यात चौकशी केली, तेव्हा बरणी गावी गेल्याचं कळलं आणि मी पहिली एस.टी. पकडली.

गाठीच्या आत पिल्लागाठी असतात, द्राक्षांपासून साबुदाण्यापर्यंत सगळ्या आकारांच्या. पारावरच्या एकानं बरणीत डोकावून विचारलं, "नाना, हाऊ साबुदाना शे का?"

"मंग उपासले लई जाय!"

मी गर्दीतून वाट काढत बरणी हिसकावली. ती काठोकाठ भरलेली होती. मला हायसं वाटणार, तेवढ्यात मुलगा म्हणाला, "येताना एस.टी.त निम्मं सांडलं होतं, भाऊ. नानांनी पुन्हा भरलं."

म्हणजे बरणीत विहिरीचं पाणी! गाठ सडली, मी सडलो, माझ्या होणाऱ्या नातवंडांचं शिक्षण सडलं.

"नाना, पाणी टाकलं?"

"याडा शे का, मास्तर?" नाना खवळले. "पानीमा ते सडी जाई. मी मोहानी दारू टाकी. पयल्या धारनी!"

मी झाकण उघडून वास घेतला. अहाहा! नुसत्या वासानं मला पाचोऱ्याचं जंक्शन दोनदा दिसलं. छातीवरून भरलेली बैलगाडी उतरावी तसा मी पारावर बसलो आणि नानांच्या पायांवर डोकं ठेवलं. गावाला वाटलं, मास्तर बरणीतलं प्यायला.

कॉलेजात माझ्या मार्गदर्शक सरांनीही वास घेतला, बराच वेळ घेतला. म्हणाले, "नमुना टिकला असेल. उरलेली कुठंय?"

आम्ही ताज्या स्पिरिटमध्ये गाठ प्रयोगशाळेला पाठवली. काही महिन्यांनी उत्तर आलं. डीएनए शाबूत होता, आणि कूळ मेंढीकडच्या कृमीचं निघालं. मी पत्र घेऊन नाचतच नानांकडं गेलो. कुत्र्यांना मेंढीची आतडी-काळीज टाकायचं नाही, हे बजावलं आणि मग छाती फुगवून सांगितलं, "नाना, तुमच्या पोटातला किडा आणि तुमच्या मेंढ्यांमधला किडा, दोघं एकाच कुळातले! दूरच्या शहरातल्या मोठ्या यंत्रावर सिद्ध झालंय!"

नानांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडं पाहिलं.

"मंग दुसरा कोना ऱ्हाई? मेंढ्या मन्याच शेतस."