काळा रंग कोणी निवडला

आमच्या हॉलमधली टीव्हीमागची भिंत काळी आहे, आणि तो काळा रंग मी निवडला. एवढं साधं वाक्य मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. शेजारी, शाळेतले सहकारी, अकोल्याची माझी बहीण आणि तिच्याकडे राहायला गेलेली आमची आई, सगळ्यांना तो माझ्या बायकोचा रंग वाटतो. त्यांना तसं वाटावं, अशी सोय मीच केली. बायकोला खरं माहीत आहे, पण अर्धंच. काळा मी आणला हे ती जाणते. का आणला, हे तिलाही ठाऊक नाही.

ते सांगायचं तर आधी जमिनीचं सांगावं लागेल. आई भातकुलीकडच्या गावातली. तिकडे गावाचे दोनच भाग: घरं असतात ती पांढरी आणि शेतं असतात ती काळी. काळीवर माणसं राबायला जातात आणि निजायला पांढरीवर परततात. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, जसं पाणी उताराकडे जातं हे कोणी शिकवत नाही. आमचा अमरावतीचा प्लॉट शहराच्या कडेच्या ले-आउटमधला. आम्ही घेतला त्याच्या आदल्या वर्षापर्यंत तिथे तूर उभी होती. आईला दाखवायला नेलं तेव्हा तिने वाकून एक ढेकूळ उचललं आणि मुठीत चुरडलं.

"हे तं काळी हाये रे. इथं घर उभं राहीन?"

"राहीन माय. मुरूम लागेपर्यंत खोदतात आता. पाया त्या घट्ट थरावर बसतो."

मी शाळेत भूगोल शिकवतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिला भेगा पडतात, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून सांगतो. तरी खड्डे खोदणं सुरू होतं तेव्हा मिस्त्री म्हणाला की मुरूम अजून लागला नाही, आणखी खाली जावं लागेल, आणि मी म्हणालो, पुरे. पावसाळा तोंडावर होता. भाड्याच्या घराचा वीट आला होता. खड्डा मला पुरेसा खोल दिसत होता, म्हणजे माणूस त्यात उभा राहिला की फक्त डोकं वर राहत होतं. संध्याकाळी गावाहून आईचा फोन आला.

"मुरूम लागला का?"

"लागला."

एका शब्दाचं खोटं. त्याचं तेव्हा काही वाटलं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात हॉलच्या भिंतीवर भेग आली. खिडकीच्या कोपऱ्यातून निघाली आणि तिरपी खाली उतरत टीव्हीमागे गेली. पावसाळ्यात मिटली. बायको म्हणाली, नव्या घराला बारीकसारीक येतंच. मीही तेच म्हणालो. पुढच्या उन्हाळ्यात भेगेत नख जाऊ लागलं. मी पुट्टी भरली, ती उकलली. पुन्हा भरली. त्यावर कॅलेंडर लावलं, मग घड्याळ, मग मुलीचा मोठा फोटो. पण तिरपी भेग कशाखालीच पुरती मावत नाही. कुठून तरी शेपूट बाहेर राहतंच.

वडील गेल्यावर आणि गुडघे थकल्यावर आई कायमची आमच्याकडे यायची ठरली, तेव्हा मला दुसरं काही सुचेना. ती हॉलमध्ये येऊन बसणार, सलग दुपारभर बसणार आणि तिच्यासमोर ती भिंत. आईच्या डोळ्यांना सुईचं नेढं दिसत नाही, पण भेग दिसली असती. भेग म्हणजे शेवटी काळी रेघ. काळ्यावर काळी रेघ दिसणार नाही, असा माझा हिशोब.

रंगाच्या दुकानात मी काळा मागितला तेव्हा दुकानदार ग्रिलच्या डब्यांकडे वळला.

"गेटले का ग्रिलले?"

"भिंतीले."

"बाहेरून?"

"आतून."

त्याने मला एकदा नीट पाहून घेतलं. "घरी विचारलं का सर?"

"विचारलं," मी म्हणालो. विचारलं नव्हतं.

काळे किती असतात हे मला त्या दिवशी कळलं. एक निळ्याकडे झुकणारा, एक कॉफीसारखा, एक अगदी कोळसा. एकात चकाकी, एकात बिलकूल नाही. दुकानदार म्हणाला, "चकाकीवाला नका घेऊ. भिंतीचा एकएक उंचवटा दिसन. हा घ्या, मॅट. हा सारं गिळून टाकते." मी तोच घेतला. शेड कार्ड नंतर पाहिलंच नाही.

बायकोला सांगितलं की आजकाल टीव्हीमागे काळीच भिंत करतात, त्याने डोळ्यांना त्रास होत नाही. ती अकोल्याची, बोलायला मोकळी. म्हणाली, "मले मोतिया पाहिजे होता. काळ्यात माणसानं काय कुठं ठेवलं ते सापडत नाई."

"बाकीच्या तीन भिंती मोतिया करू."

"म्हणजे तीन माह्या, एक तुमची," म्हणून ती हसली आणि पडदे धुवायला काढले. तिला तो रंग नको होता. माझी हौस म्हणून तिने होऊ दिला. ती हौस आहे असं समजून.

पेंटर आला, त्याने डबा उघडला आणि म्हणाला, "सर, शाळा घरीच आनून राहिले का? खडू कुठं ठेवू?" त्याने भेगेवर जाळीची पट्टी चिकटवली, पुट्टी ओढली, करडा प्रायमर दिला आणि वर काळ्याचे दोन हात. भेगेबद्दल मी त्याला काही सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. जाताना एवढंच म्हणाला, की उन्हाळ्यापर्यंत काई चिंता नाई. कोणत्या उन्हाळ्यापर्यंत, हे मी विचारलं नाही.

आणि खरं सांगायचं तर भिंत चांगली दिसली. संध्याकाळी दिवा लावला की खोली लांबवर गेल्यासारखी वाटायची. बायकोने समोर मनी प्लांट ठेवला, त्याची पानं कधी नव्हती इतकी हिरवी दिसू लागली. तिलाही ती आवडायला लागली असावी. मात्र काळ्यावर धूळ पांढऱ्यापेक्षा जास्त दिसते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या शर्टावरचा खडू भिंतीला लागायचा. टीव्हीशेजारी खुर्ची टाकून कोणी डोकं टेकलं की तेलाचा गोल. ओल्या फडक्याने पुसलं की तेवढाच तुकडा चकाकायचा. बायको कोरड्या फडक्याने हलक्या हाताने पुसायची, रोज.

दिवाळीनंतर आई आली. पिशवी हातात घेऊनच दारात थांबली.

"हे काय व माय."

ती भिंतीपाशी गेली, पंजा टेकवला आणि पंज्याला रंग लागला का ते पाहिलं. मग मला विचारलं, "कोनं केलं हे?"

त्या वेळी बायको पाण्याचा ग्लास घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती. मी म्हणालो, "तुझ्या सुनेची हौस. मोबाइलवर पाहिलं तिनं." हसत म्हणालो. हसत म्हटलं की ते खोटं राहत नाही, अशी माझी समजूत असावी.

बायको तिथेच उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी आईची पिशवी उचलली आणि आतल्या खोलीत ठेवायला गेलो. आतून मला आईचा आवाज ऐकू आला. "तीट गालाले लावते व पोरी. साऱ्या तोंडाले नाई लावत." आणि त्यावर बायकोचा. "पानी घ्या, आई."

पिशवी ठेवायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ मी आत काढला.

त्यानंतर त्या भिंतीवरून आई रोज काहीतरी बोलायची. मोठं भांडण कधीच झालं नाही. तिने आपली खुर्ची फिरवून पाठ तिकडे केली. कोणी आलं की म्हणायची, आमच्या सूनबाईले अंधार आवडते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकोने काळी साडी नेसली होती, सगळ्याच नेसतात. वाण देत ती भिंतीजवळून गेली आणि आई बायांच्या देखत म्हणाली, "तिथं उभी नको राहू व, सापडनार नाई तू." बाया हसल्या. बायकोही हसली. मी आतल्या खोलीत तिळगूळ खात होतो. मलाही हसू आलं, हे इथे लिहून ठेवतो.

मग आईला झोप येईनाशी झाली. म्हणायची, या घरात छातीवर काई तरी बसल्यासारखं होते. अकोल्याहून बहीण गाडी घेऊन आली. निघताना माझ्या बायकोला म्हणाली, "वहिनी, एक भिंतच तं होती. मायपेक्षा मोठी होती का?" बायको आईच्या गोळ्या पिशवीत भरत होती. सकाळची कोणती, जेवणानंतरची कोणती, ते तिने नणंदेला समजावून सांगितलं. 

दुसऱ्या दिवशी ती भिंत पुसत होती. पाठमोरीच म्हणाली, "तुमी काहून नाई सांगितलं?"

"काय?"

 तिने फडकं झटकलं आणि पुन्हा पुसायला लागली. तो प्रश्न तिने परत विचारला नाही. विचारला असता तर मी काय सांगितलं असतं, याची उत्तरं मी तेव्हापासून तयार करत असतो. वर्गात, गाडीवर, भाजी घेताना. एकही पुरं होत नाही. काळा मी आणला म्हणावं तर का आणला ते येतं. का आणला म्हणावं तर भेग येते. भेगेमागे तो खड्डा येतो, आणि फोनवरचा तो एक शब्द.

या उन्हाळ्यात भेग काळ्यातूनही वर आली, आणि माझा हिशोब किती कच्चा होता ते कळलं. आत पुट्टी होती. ती पांढरी. काळ्या भिंतीवर खिडकीपासून खाली बारीक पांढरी रेघ उमटली, फळ्यावर खडूने ओढल्यासारखी. उरलेला डबा मी जपून ठेवला होता. बायको बाजारात गेली की चित्रकलेच्या ब्रशने ती रेघ भरायला लागलो. दोन दिवस टिकायची. कोणाच्या घरी गेलो तरी आधी भिंती पाहायचो, खिडक्यांचे कोपरे पाहायचो. समोरचा माणूस बोलत असायचा आणि मला त्याचं काही ऐकू यायचं नाही.

शेवटी एका रविवारी अकोल्याला गेलो. सांगायचंच म्हणून गेलो. आई बहिणीच्या घरी बाजेवर बसून तुरीची डाळ निवडत होती.

"सून कशी हाये?"

"बरी हाये. माय, त्या भिंतीचं..."

"काय तिचं? पुसली का?"

तेवढ्यात बहीण चहा घेऊन आली. आई डाळीतला खडा बाजूला टाकत म्हणाली, "मी काई दावा धरून बसली नाई. तिनं एकदा म्हनावं, चुकलं माझं. मी येईन. मले का तिथं करमत नव्हतं?"

बहीण म्हणाली, "एवढंच तं म्हनते माय. वहिनीले एक फोन जड आहे का?"

मी चहा प्यालो. कप खाली ठेवला आणि म्हणालो, "सांगतो तिले."

परतताना मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं. बायकोला खरं कसं सांगायचं याचा विचार करावा एवढा रस्ता होता. मी विचार केला तो निरोप कसा द्यायचा याचा. घरी ती अंबाडी निवडत बसली होती. मी म्हणालो, "माय येते म्हनते. तू एक फोन करून चुकलं म्हन, बस."

तिने माझ्याकडे पाहिलं, तसंच, जसं त्या दिवशी दारातून पाहिलं होतं. हात पदराला पुसले. फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला.

"आई, चुकलं माझं. तुमाले न विचारता केलं."

 पलीकडून आई म्हणाली, "राहू दे व पोरी. तुही हौस होती. फक्त ती भिंत पांढरी करून ठेव, मी येऊन राहिली लवकरच."

फोन ठेवून बायको पुन्हा अंबाडीकडे वळली. "झालं?" तिने विचारलं. मी हो म्हणालो.

तिनेच पेंटरला बोलावलं. तो येऊन पाहून गेला. काळ्यावर नुसता हात मारून भागत नाही, म्हणाला, खालून वर येत राहते. भिंत खरडावी लागेल, प्रायमर दोनदा. येत्या गुरुवारी तो खरडायला बसेल आणि काळ्याखालून भेग निघेल तेव्हा बायको तिथे उभी असेल. शनिवारी बहीण आईला घेऊन येते आहे. पेंटरला आधीच गाठावं, त्याच्याकडून भेग भरून घ्यावी, वर मोतिया द्यावा आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तरी विषय मिटवावा, हा विचार माझ्या मनात आला. एकदा नाही, बऱ्याचदा. त्याचा नंबरही मी काढून ठेवला आहे. फोन अजून केलेला नाही.

माझं देणं आहे ते एवढं: बायकोच्या समोर उभं राहून आईला सांगायचं, की काळा मी निवडला, भेग झाकायला निवडला, आणि आपल्या घराच्या पायाला मुरूम लागला नव्हता. ते मी अजून सांगितलेलं नाही.