पद्माचा घरकिडा

पद्मा गेल्याचं मला शाळेत कळलं. चित्रकलेचा तास संपला होता, मुलींच्या रंगाच्या वाट्या मी नळाखाली धरल्या होत्या आणि दारात तिचा धाकटा भाऊ येऊन उभा राहिला. मला सांगायला तो सांगलीहून साताऱ्यापर्यंत आला होता. "ताई गेली," एवढंच म्हणाला. विषमज्वराचं निमित्त झालं... त्याला बस म्हणायचंही मला सुचलं नाही. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. तिच्याविषयी कुणीतरी लिहायला हवं, आणि तिच्या कामाची चित्रं मी काढली म्हणून ते मीच लिहावं, असं वाटतं.

सांगलीजवळच्या एका खेड्यातल्या जैन घरातली ही मुलगी. वडील हळदीचे व्यापारी. सारा गाव त्यांना अण्णा म्हणे. सांगलीच्या कॉलेजच्या वसतिगृहात आम्ही दोघी एका खोलीत राहिलो. पुढे मी साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवू लागले आणि ती त्याच कॉलेजात प्राणिशास्त्र. महायुद्धाच्या सुरुवातीच्या दिवसांत ती एकदा माझ्याकडे आली, पदराआडून एक काचेची कुपी काढली आणि गंभीरपणे म्हणाली, "शांते, तुला किड्याचं ढुंगण काढता येईल का? हसू नकोस. त्याची खरी ओळख तिथंच असते."

कुपीतला प्राणी दिसायला साधा, करड्या पतंगासारखा. इंग्रजीत त्याला कॅडिस म्हणतात. मराठीत नाव नाही म्हणून पद्माने त्याला 'घरकिडा' म्हणायला सुरुवात केली, कारण त्याची अळी ओढ्याच्या तळाशी वाळूचे कण लाळेने चिकटवून स्वतःभोवती नळीसारखं घर बांधते. पतंगाच्या पंखांवर भुकटी असते, याच्या पंखांवर केस. पायांवरचे काटे मोजले की कुळ कळतं. पण जात ठरवायची तर नराच्या पोटाचं टोक कापून, कॉस्टिकच्या पाण्यात मांस विरघळवून, उरलेला पारदर्शक सांगाडा सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. मादीला धरायचे चिमटे तिथं असतात आणि प्रत्येक जातीचे निराळे. साताऱ्याला यवतेश्वराच्या डोंगराखालच्या ओढ्याकाठी तिला सापडलेल्या मेलेल्या नराचे चिमटे कुठल्याच छापील चित्राशी जुळत नव्हते. पण तो एकच होता, तोही कोळिष्टकात अडकलेला, एक पाय तुटलेला. एवढ्यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

आणखी नर धरून मारायचे, की काम झालं. पण पद्मा ते करणार नव्हती. कॉलेजात शिकताना तिने बेडूक कापले तेव्हा अण्णांनी तिच्या पंगतीला बसणं सोडलं होतं. पदवी हातात आल्यावर ती स्वतः जाऊन त्यांना म्हणाली, "अण्णा, आता माझ्या हातानं जीव जाणार नाही." ते फक्त "बरं" म्हणाले आणि आपलं ताट तिच्या शेजारी सरकवलं. हे तिनेच मला सांगितलं होतं. तिच्या विभागाचे प्रमुख मात्र वैतागले. "अहो बाई, सारं जग मारून अभ्यास करतं. आपणहून मेलेला किडा सडतो, तो काय कामाचा?" पद्मा म्हणाली, "तो मरेल तेव्हा मी जवळ असेन, सर."

दिवाळीच्या सुट्टीत तिने ओढ्यातल्या अळ्या माझ्या परसातल्या दगडी डोणीत आणून ठेवल्या. वर मडकं टांगून पाण्याची धार धरली. सुट्टी संपायच्या आत सगळ्या मेल्या. त्यांना वाहतं, गार पाणी लागतं. डोणीच्या कडेला बसून ती म्हणाली, "मारायच्या नाहीत म्हणून आणल्या, आणि मीच मारल्या की गं..." दिवसभर जेवली नाही. मला वाटलं, संपलं हे. विभागप्रमुखांचंही तेच मत पडलं असतं.

पुढच्या वर्षी ती आली ती तारेची जाळी आणि मलमल घेऊन. अळ्या ओढ्यातून काढायच्याच नाहीत, पिंजराच ओढ्यात ठेवायचा! अर्धा पाण्यात, अर्धा वर, वरच्या बाजूला मलमल, आणि दर अळीला वेगळा कप्पा. ती सांगलीला परतल्यावर पाळत माझ्याकडे. शाळा सुटली की मी ओढ्यावर जायची. थंडी सरता सरता पंख फुटलेले घरकिडे मलमलीला लटकलेले दिसू लागले. जगायचे तेवढे दिवस जगले, मग एकेक गळून पडला. पडलेला दिसला की मी तो लगेच स्पिरिटमध्ये घालायची आणि त्याचं रिकामं घर त्याच कुपीत ठेवायची, कारण तसं तिने बजावलं होतं.

त्या घरांनीच कमाल केली. किडा बाहेर पडताना अळीपणाची कात आत टाकून जातो. पद्माने ती सुईने उलगडली, तेव्हा एकाच जिवाची अळी आणि पंखवाला नर दोन्ही तिच्या हातात होते. नुसते पंखवाले धरून मारणाऱ्याला ही जोड मिळाली नसती. सगळ्या नरांचे चिमटे एकसारखे, टोकाशी दुभंगलेले. "काढ," ती माझा खांदा दाबत म्हणाली, "आणि सुंदर करू नकोस, आहे तस्संच काढ." लढाई संपून टपाल सुरळीत झाल्यावर नमुने आणि माझी चित्रं परदेशातल्या एका तज्ज्ञाकडे गेली. त्यांनी जात नवी असल्याचं मान्य केलं. ज्या खात्रीने अळी आणि किडा जुळवलाय तशी खात्री स्वतःच्याही कामात क्वचित असते, असं कळवलं. विभागप्रमुखांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि म्हणाले, "बाई, मी चुकलो." तेही मोठेपणाचंच.

पद्माने जातीला ओढ्याकाठच्या गावाचं नाव दिलं. अण्णांना सांगायला आम्ही दोघी गेलो होतो. त्यांनी सारं शांतपणे ऐकलं. "म्हंजे आजपातुर त्याला नावच न्हवतं व्हय?"

"नव्हतं, अण्णा."

"मग त्ये एकमेकांस्नी काय म्हणत असतील गं?"

पद्मा इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. असं हसताना मी तिला क्वचितच पाहिलं.

परवा अण्णांना भेटायला गेले. सूर्य मावळायच्या आत त्यांनी मला जेवू घातलं आणि रात्री ठेवून घेतलं. सकाळी निघताना पाहते तर ओसरीवर, कंदिलाखाली वाकून ते काहीतरी टिपत होते. रात्री आपणहून मरून पडलेले किडे. एकेक अलगद उचलून काड्यापेटीत कापसावर ठेवत होते. पद्माने सांगितलं नव्हतं, मला माहीतही नव्हतं, पण कोनाड्यात तशा काड्यापेट्यांची रांगच होती.

"तिला असं किडं लागायचं," ते म्हणाले. "आता हाताला सवय लागलीय." मग एक पेटी माझ्यापुढे धरली. "ह्यो एक लय येगळा दिसतोय. कोन म्हणायचा ह्यो?"

मी अंगणातल्या उजेडात नेऊन खूप वेळ पाहिला. चित्र काढता आलं असतं, नाव सांगता येईना. तसं मी त्यांना सांगितलं.

अण्णांनी पेटी परत घेतली, कापूस नीट केला आणि झाकण सरकवलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. "ठिवू या. कोनतरी शिकून यील."