दोन रंगांमध्ये उभी आई

मंडळी, आठ दिवस आमच्या वडगावच्या घरात हॉलच्या रंगावरून भांडण चाललेलं. भावाला थंडगार निळसर हवा होता, मला उबदार बदामी. आज सकाळी पेंटरअण्णांनी वैतागून भिंतीवर दोन्हींचे मोठे पट्टे मारले आणि म्हणाले, "आता ठरवा, न्हायतर मी चाललो."

तेवढ्यात आमचे वडील, आप्पा, उठले. चाळीस वर्षं मागावर साड्या विणलेला माणूस! म्हणाले, "रंग एकटा बघायचा नसतोय गं. काठाचा रंग आपण साडीच्या रंगाशेजारी धरूनच बघतोय न्हवं?"

आणि त्यांनी आईला हाताला धरून भिंतीपुढं उभं केलं.

आजारपणानंतर आई दिवसभर त्याच हॉलमध्ये बसते. आम्ही दोघं भांडण्यात हे साफ विसरलो होतो.

निळ्यापुढं ती लई थकलेली दिसली. बदामीपुढं गालावर जरा तजेला आला. आप्पा खिडकी उघडून, मागं सरकून, मान वाकडी करून बघतच राहिले.

आई लाजली. "लग्नाच्या दिवशीबी असं बघितलं न्हाईसा!"

"तवा मान वर करायचं धाडस कुठं हुतं?"

पेंटरअण्णांनी कुणाला न विचारता बदामीचा डबा उघडला. मी जिंकले खरी, पण मी तो रंग मोबाईलवरचे फोटो बघून निवडला होता.

खरं सांगा, तुम्ही घराचा रंग कुणाच्या चेहऱ्याशेजारी धरून बघितलाय?