तायडे सर आणि दोन खोडलेले शब्द

आमचे हे गेले, त्याच्या तिसऱ्या दिवशी तायडे सर भेटायला आले. ओसरीवर सतरंजी टाकलेली, बाया रडताहेत, आणि सरांनी काय करावं? माझ्या मुलाच्या ऑफिसातून इंग्रजीत शोकपत्र आलं होतं. ते उचललं, खिशातून लाल पेन काढलं आणि एक शब्द खोडला. यांनी स्वर्गात ‘एन्टर इन्टू’ केलं असं काहीतरी त्यात होतं.

"वहिनी, एन्टर म्हंजेच आत शिरणं. मंग ‘इन्टू’ कायले? माणूस दोनदा शिरते काय?"

"एकदाच गेले ते, सर," मी म्हटलं. "तुम्ही चहा घ्या."

सर आता नाहीत, म्हणून गोड बोलावं, तर ते मला जमणार नाही. सोनाळ्यात आमची भिंतीला भिंत. जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, रिटायर झाले, पेन काही रिटायर झालं नाही. ‘रीच’पुढं ‘टू’ नको, ‘डिस्कस’पुढं ‘अबाउट’ नको. "फालतू शब्द म्हंजे कपाशीतलं तण. उपटून फेका!" असं म्हणायचे. स्वतःचं वावर बटईनं दुसऱ्याला कसायला दिलेलं, जन्मात कधी तण उपटलं नाही. शिकवणं मात्र चोख, हे कबूल करते. मी सातवी शिकलेली बाई, डाळ निवडता निवडता भिंतीपलीकडून ऐकूनच चार वाक्यं शिकले.

त्यांची एकच पोर, मोहिनी. दहावीत असताना आई गेली, तेव्हापासून माझ्याच ताटात जेवलेली. पुण्याला नोकरीला लागली. सरांचा हुकूम, मेसेज इंग्रजीतच पाठवायचा. तो आला की सर वहीत उतरवून घेत, लाल पेनानं खोडत, फोटो काढत आणि परत पाठवत. एकदा तिनं लिहिलं, ‘पप्पा, रीच्ड टू रूम, फीवर आहे.’ म्हणजे पोहोचले, ताप आहे. सरांनी ‘टू’ खोडलं, ‘आहे’वर फुली मारली आणि पाठवून दिलं.

"ताप किती हाय ते तरी पुसा!"

"ताप उतरते वो, वहिनी. वाईट सवय उतरत नाही."

असा हा बाप!

मागच्या उन्हाळ्यात दुपारी फोन घेऊन आले. मी चष्मा लावून वाचलं. ‘पप्पा, आय वाँट टू मॅरी विथ सचिन. कॅन वी डिस्कस अबाउट इट?’ पोर म्हणत होती, सचिनशी लग्न करायचंय, आपण बोलू या का?

"मंग? काय उत्तर देलं?"

सरांनी वही उघडली. ‘विथ’ खोडलेलं, ‘अबाउट’ खोडलेलं. बाकी कोरं.

"पाठोलं," म्हणाले.

"अवो, पोरगी लग्नाचं पुसून राह्यली! हो म्हना, नाही म्हना, शिव्या द्या!"

"ते पाहू. आधी वाक्य सुधरून पाठवू दे तिले. मंग बोलतो."

वही मिटली, परत उघडली, परत मिटली, ते मी पाहिलं. कीव आली नाही. हो म्हणायला छाती लागते, नाही म्हणायलाही लागते. या माणसाकडे नुसतं पेन होतं.

मोहिनीचा मला फोन आला. "काकू, पप्पा काही बोलले काय वो?"

"बोलतीन बाई. थांब थोडी."

ती तीन महिने थांबली. मी रोज भिंतीवरून टोमणे मारले, "सर, वाक्य आलं काय?" ते मान हलवायचे आणि पेपरात तोंड घालायचे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी वाक्य आलं. सर चप्पल न घालताच माझ्या दारात. फोन माझ्यापुढं धरला. ‘मॅरीड सचिन टुडे.’ आज सचिनशी लग्न केलं.

"पाहा वहिनी," सर म्हणाले, "एकही शब्द फालतू नाही."

मी पाहिलं. खरंच नव्हता. सुरुवातीचं ‘पप्पा’सुद्धा नव्हतं.