अक्काच्या परीक्षेला बसलेली ॲप्स

आमच्या घरी एखादी वस्तू घ्यायची ठरली की ती यायच्या आधी किस्से येतात. फ्रीजचे अजून संपले नव्हते, तेवढ्यात गाण्याचं फॅमिली ॲप घ्यायचं निघालं!

माणसं मोजकीच. वडील नाना, त्यांची थोरली बहीण अक्का, साताऱ्याहून आलेली माझी बायको वैशाली आणि कॉलेजातली आमची सई. अट मात्र एकट्या अक्काची. श्रावणात आमच्याकडे खानदेशची कानबाई देवी बसते, आणि तिची गाणी घरात फक्त अक्काला येतात. यंदा तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाणं बंद केलं, म्हणून ती गाणी ॲपवर हवीतच.

"कानबाईले मुकी बसाडशात का रे?" असं तिनं विचारलं, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

*

नानांनी जन्मभर जळगावात डाळीचा व्यापार केला. मूठभर डाळीवरून पोतं ओळखणारा माणूस! त्यांनी एका दुपारात चार ॲप्सचे फुकट महिने सुरू केले, प्रत्येकाचं अर्धं मिनिट ऐकलं आणि चारही बंद केले.

"सगळ्यांकडे माल एकाच गिरणीचा. नुसती पोती वेगळी!"

*

शेवटी एक घेतलं. खातं सगळ्यांत मिळून एकच. नाना पहाटेपासून कीर्तनं लावायचे. महिन्याभरानं ॲपनं सईला 'तुमचे आवडते कलाकार' दाखवले. पाचही कीर्तनकार! नेमका तेव्हा फोन मैत्रिणीच्या आईच्या हातात होता.

"किती संस्कारी गं! माझ्या पुतण्यासाठी अशीच मुलगी बघतोय आम्ही."

सईनं त्याच संध्याकाळी वेगळं खातं मागितलं.

*

वैशाली स्वयंपाक गाण्यांवर मोजते. दोन गाण्यांत वरण, तीन गाण्यांत भरताचं वांगं. एके दिवशी ॲपनं आपल्या मनानं अठरा मिनिटांची कव्वाली लावली आणि वांग्याचा कोळसा झाला.

नाना ताटाकडे बघून एवढंच म्हणाले, "कव्वाली तरी चांगली होती का?"

*

कानबाईचं गाणं शेवटी वैशालीनंच शोधलं. पंधरा दिवस स्वयंपाकघरात तिच्या हेडफोनवर तेच चालू होतं. रविवारी कानबाई बसली, भाऊबंद जमले, मी ऐटीत स्पीकर लावला. पहिल्या कडव्याला अक्का खूश!

या गाण्यांत पुढच्या कडव्यांमध्ये घरच्या पुरुषांची नावं गुंफतात. ॲपवरच्या बाईनं अर्थातच तिच्या घरची गुंफली होती.

अक्का ताडकन उठली. "बंद कर! कानबाई आपली, नि नावे दुसरासना?"

मी बंद केलं. मग अक्कानं स्वतःच सुरुवात केली. आवाज फाटत होता. नानांच्या नावापाशी तो थांबलाच, आणि तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात मागून वैशालीनं कडवं उचललं. हेल पक्का साताऱ्याचा! तिनं सासऱ्यांचं नाव घेतलं, माझं घेतलं, आणि पुढच्या कडव्यात अक्काचं घेतलं. त्या गाण्यात बाईचं नाव मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

गाणं संपल्यावर मी हळूच विचारलं, "अक्का, स्पीकर परत लावू?"

"त्याले बंदच ऱ्हाऊ दे," अक्का वैशालीचा हात धरून म्हणाली. "हाई चालू ऱ्हाऊ दे!"